लघुलेखनाच्या शब्दकोशातील चुकीच्या नोंदी : शोध आणि दुरुस्ती

संगणकाला जोडलेल्या लघुलेखन यंत्रावर काम करणाऱ्या माणसाजवळ दोन साधने असतात : एक कळफलक आणि दुसरा शब्दकोश. कळफलकाचा सराव सर्वत्र करून घेतला जातो. शब्दकोशाकडे मात्र तयार मिळालेली आणि म्हणून बरोबर असलेली वस्तू म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात या शब्दकोशात चुकीच्या नोंदी असतात, आणि त्या अपघाताने नव्हे तर कोणीतरी विचारपूर्वक घातलेल्या असतात. त्या कशा शिरतात, ओळखायच्या कशा आणि त्यांपैकी कोणत्या काढून टाकायच्या, हे कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांसमोर मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषय हैदराबादच्या नामपल्ली भागाच्या संदर्भात घेतला आहे, त्याला कारण आहे. या भागात फौजदारी न्यायालये आहेत, राज्य लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे आणि पब्लिक गार्डनला लागून विधानसभेची जुनी इमारत आहे. लघुलेखकाला काम देणारी, नोकरभरतीची परीक्षा घेणारी आणि उतरवलेल्या शब्दावर विसंबणारी ठिकाणे येथे एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. फौजदारी न्यायालयात साक्षीदार तेलुगूत बोलतो, उर्दूत किंवा दखनीत बोलतो, कधी मराठवाड्यातून आलेला माणूस मराठीत बोलतो. न्यायाधीश त्याचे म्हणणे बहुधा इंग्रजीत सांगतात आणि लघुलेखक ते टिपतो. अपिलात वरच्या न्यायालयासमोर जातो तो हा टंकलिखित मजकूर; साक्षीदाराचा आवाज तेथे पोहोचत नाही. 'पाहिले' आणि 'पाहिले नाही' यांतला फरक इंग्रजीत एका लहानशा प्रत्ययाचा असतो, आणि तो प्रत्यय लघुलेखकाच्या उजव्या हाताच्या दोन-तीन बोटांत असतो.

कागदावरचा कोश आणि यंत्रातला कोश

आयझॅक पिटमन यांची पद्धत १८३७ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत इंग्रजी लघुलेखन आजही त्याच पद्धतीने शिकवले जाते, आणि मराठी, हिंदी, उर्दूच्या अनेक पद्धती त्याच तत्त्वावर बेतलेल्या आहेत. पिटमनच्या कोशात शब्द पाहायचा आणि त्याची आऊटलाइन शोधायची असते. म्हणजे कोशाची दिशा शब्दाकडून खुणेकडे आहे. उलटा प्रवास, खुणेकडून शब्दाकडे, माणूस स्वतःच्या डोक्याने करतो.

हा फरक वरवर किरकोळ वाटेल. उदाहरणाने तो स्पष्ट होईल. ज्या पद्धतीत न आणि ण यांना एकच रेषा आहे आणि वेगात स्वर गाळले जातात, तेथे 'खून' आणि 'खूण' यांची आऊटलाइन एकच होईल. तरीही लघुलेखक सहसा फसत नाही. पुढे 'केला' आले तर खून, 'केली' आले तर खूण. मराठीचे व्याकरणच त्याला सांगते. पेन्सिलने लिहिणाऱ्याची चूक अशा रीतीने दुसऱ्यांदा तपासली जाते, आणि तपासणारा माणूस असतो.

यंत्रात ही दुसरी तपासणी नाही. यंत्राचा शब्दकोश खुणेकडून शब्दाकडे जातो. कळांचा अमुक समूह दाबला तर अमुक शब्द उमटवायचा, एवढेच त्यात लिहिलेले असते. पुढे 'केला' आहे की 'केली', हे तो पाहत नाही. म्हणून कागदी कोशातील चूक माणसाच्या वाचनात सुधारते, आणि यंत्राच्या कोशातील चूक जशीच्या तशी छापली जाते.

यंत्राच्या कळफलकाची रचना येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व चुका तिच्यातून निघतात. डाव्या हाताची बोटे शब्दाच्या आरंभीची व्यंजने दाबतात, दोन्ही अंगठे स्वर दाबतात आणि उजव्या हाताची बोटे शेवटची व्यंजने. सर्व कळा एकदम दाबून एकदम सोडायच्या असतात. एका दाबीत उच्चाराचा एक खंड किंवा अख्खा शब्द उमटतो. या एका दाबीला येथे 'ठोका' म्हटले आहे. 'स्ट्रोक' म्हणता आले असते, पण आपल्या वर्गांत तो शब्द पिटमनच्या रेषेसाठी आधीच रुळलेला आहे.

डाव्या हाताला फक्त सात व्यंजने मिळतात : एस, टी, के, पी, डब्ल्यू, एच आणि आर. बाकीची व्यंजने यांच्या जोड्यांनी बनवावी लागतात. टी आणि के मिळून डी. पी आणि डब्ल्यू मिळून बी. एच आणि आर मिळून एल. या जोड्या कळफलकावर खाली-वर आहेत. टीच्या खाली के, पीच्या खाली डब्ल्यू, एचच्या खाली आर. एकच बोट दोन कळांच्या मधल्या फटीवर ठेवून दोन्ही दाबते. योजना सोयीची आहे, पण बोट अर्धा सेंटिमीटर घसरले की व्यंजन बदलते.

चूक कोशात कशी शिरते

'कॉग' म्हणजे चाकाचा दात. तो लिहिताना के, ओ आणि शेवटचा जी दाबायचा. बोट थोडे वर गेले आणि टीही दाबली गेली तर उमटेल 'डॉग'. 'पॅट' लिहिताना डब्ल्यूला बोट लागले तर 'बॅट'. येथे चूक दुसऱ्या खऱ्या शब्दावर जाऊन पडली आहे. ती कोशात 'सुधारून' ठेवता येत नाही, कारण 'डॉग'च्या जागी 'कॉग' लिहून ठेवले तर कुत्रा हा शब्दच हातातून जाईल. अशा चुकीला उपाय एकच, बोट सुधारणे.

आता 'हॅट' लिहिताना आरला बोट लागले असे समजा. उमटेल 'लॅट', आणि इंग्रजी बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही. काम करणारा लघुलेखक पाहतो की ही जागा रिकामीच आहे. तो कोशात नोंद करतो : 'लॅट'चा ठोका पडला तर 'हॅट' उमटव. त्या क्षणापासून त्याचे घसरलेले बोटही बरोबर शब्द देऊ लागते. वेगात बोलणाऱ्या वक्त्यामागे धावताना ही केवढी सोय आहे, हे ज्याने शंभराच्या वेगाने डिक्टेशन घेतले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

अडचण अशी की 'रॅट' लिहिताना एचला बोट लागले तरी तोच 'लॅट' उमटतो. मग ती रिकामी जागा टोपीची की उंदराची? ज्याने नोंद केली त्याच्या हाताची सवय एक असेल, दुसऱ्याच्या हाताची दुसरी. नोंद करणाऱ्याने आपल्या बोटांविषयी एक अंदाज बांधला आहे आणि तो अंदाज कोशात निश्चित अर्थ म्हणून बसला आहे.

दुसरा प्रकार हलक्या बोटाचा. शेवटच्या 'स्ट' ध्वनीसाठी प्रचलित पद्धतीत उजवीकडील एफ आणि टी वापरतात. 'कास्ट' लिहिताना एफ नीट दबली नाही की 'कॅट' उमटते. हेही खऱ्या शब्दावर पडले, त्यामुळे कोशात शिरू शकत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, आणि अध्यापकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. एक ठोका दोन तुकड्यांत फुटतो. 'डॉग'साठी टी आणि के एकदम पडायला हव्यात. समजा टी आधी पडून सुटली आणि बाकीच्या कळा मागून आल्या. यंत्राच्या दृष्टीने हे दोन ठोके झाले : एकटी टी, आणि मग 'कॉग'. प्लोव्हर या प्रणालीत डाव्या बाजूच्या एकट्या टीचा अर्थ 'इट' आहे, म्हणून पडद्यावर 'इट कॉग' असे उमटते. वैतागलेला लघुलेखक नोंद करतो : टी आणि त्यामागून 'कॉग' आले तर 'डॉग'. प्रणालीचा नियम असा की जुळणारी सर्वांत लांब नोंद आधी घ्यायची. म्हणजे आता कोणी खरोखरच 'इट' म्हणून लगेच 'कॉग' म्हटले, तर प्रत्येक ठोका बिनचूक पडूनही कुत्राच उमटणार. हे उदाहरण दुर्मीळ वाटेल. पण अशा हजारो नोंदी असलेल्या कोशात कोणत्या दोन साध्या शब्दांची गाठ कोठे मारून ठेवली आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. शब्दांच्या सीमेचा हा प्रश्न मराठीला नवा नाही. 'काहीही' आणि 'काही ही' बोलताना सारखेच ऐकू येतात. लिहिणारा अर्थावरून ठरवतो. यंत्राला ते ठरवता येत नाही, त्याला लांबी तेवढी दिसते.

प्लोव्हरचा कोश

प्लोव्हरचे नाव आले आहे तर त्याची हकीकत सांगणे उपयुक्त ठरेल, कारण कम्युनिटी कॉलेजच्या संगणक कक्षात बसवता येईल अशी ही प्रणाली आहे. न्यूयॉर्कमधील मिराबाई नाइट या थेट मथळे देणाऱ्या व्यावसायिक लघुलेखिका आहेत. सभेत किंवा वर्गात बोलले जाणारे शब्द ऐकू न येणाऱ्यांसाठी तत्क्षणी पडद्यावर आणणे हा त्यांचा व्यवसाय. लघुलेखन यंत्र आणि त्याची संगणक प्रणाली महाग असल्यामुळे शिकणाऱ्यांची अडवणूक होते, हे पाहून त्यांनी २०१० च्या सुमारास प्रोग्रामर जोशुआ लिफ्टन यांच्या साहाय्याने प्लोव्हर ही मोफत आणि मुक्त प्रणाली उभी केली. अनेक कळा एकदम दाबल्या तरी सर्व ओळखणारा साधा कळफलक असला की ती चालते.

प्रणालीबरोबर जो इंग्रजी कोश दिला जातो त्याचा पाया मिराबाई नाइट यांचा स्वतःचा, कामातून वर्षानुवर्षे वाढलेला कोश आहे. त्यात दीड लाखाच्या आसपास नोंदी आहेत. एखाद्या कारागिराने आपली हत्यारांची पेटी गावासाठी उघडून द्यावी तसे हे झाले. यात त्यांचे औदार्यच आहे. पण पेटीत त्यांच्या हातासाठी झिजलेली हत्यारेही होती. त्यांच्या घसरलेल्या ठोक्यांच्या नोंदी योग्य ठोक्यांच्या शेजारी, कोणतीही वेगळी खूण नसलेल्या, तशाच राहिल्या.

त्यांच्यासाठी त्या नोंदी चुकीच्या नव्हत्या. थेट मथळ्यात शब्द क्षणभर दिसतो आणि जातो. अंदाज बरोबर आला तर वाचणाऱ्याचे काम होते, चुकला तर तो समोरच्या वक्त्याकडे पाहून समजून घेतो. प्रश्न निर्माण होतो तो नवशिका विद्यार्थी तोच कोश उघडतो तेव्हा. तो एखादा शब्द शोधतो आणि त्यापुढे पाच-सहा खुणा दिसतात. त्यांतली कोणती नियमाची, कोणती सोयीची आखूड खूण आणि कोणती घसरलेल्या बोटाची, हे सांगणारे तेथे काही नाही. विद्यार्थी सर्वांत लहान दिसणारी उचलतो. पुढे महिनाभर तो कोणाच्या तरी हाताची चूक मन लावून घोकतो.

हा प्रश्न जाणकारांच्या लक्षात आला आहे. टायपी टाइप या मोफत सराव-साधनाने घसरलेले ठोके वगळलेला कोश सरावासाठी वापरला, आणि लॅपविंग ही अलीकडची पद्धत नियमांशी जुळणाऱ्या स्वच्छ कोशासह शिकवली जाते. ज्या कॉलेजला नव्याने सुरुवात करायची आहे, त्याने आधी या दोहोंकडे पाहावे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दीड लाख नोंदी घासत बसण्याआधी ते शहाणपणाचे.

उमटलेली चूक आणि लपलेली चूक

कोशात नोंदच नसेल तर काय होते? प्लोव्हरमध्ये असा ठोका कच्च्या अक्षरांत जसाच्या तसा उमटतो. मजकुराच्या मध्ये अर्थहीन इंग्रजी मोठी अक्षरे दिसतात. ती पाहायला वाईट दिसतात, पण दिसतात. प्रत वाचणारा थांबतो, टिपण पुन्हा पाहतो, शब्द भरतो.

'डिड' आणि 'डिडंट' यांचे उदाहरण घेऊ. प्लोव्हरमध्ये 'डिड'साठी डाव्या हाताच्या टी-के एवढ्याच कळा आहेत आणि 'डिडंट'साठी त्यांना उजवीकडच्या पी, बी आणि टी जोडतात. या तिन्हींनी शेवटचा 'एन्ट' ध्वनी होतो. समजा यांतली टी हलकी पडली आणि पी-बी तेवढ्या उमटल्या. लघुलेखकाला 'डिडंट' म्हणायचे होते आणि टी राहिली, की 'डिड' म्हणायचे होते आणि एका बोटाचा चुकून स्पर्श झाला? ठोक्यावरून हे सांगता येणार नाही. अशा ठोक्याला कोशात कोणताही अर्थ देऊन ठेवणे म्हणजे साक्षीदाराने होकार दिला की नकार, हे आधीच ठरवून ठेवणे. येथे कच्ची अक्षरे उमटणे हेच हिताचे आहे. आदर्श कोश म्हणजे प्रत्येक ठोक्याला काहीतरी शब्द देणारा कोश, ही समजूत वर्गातून काढून टाकावी लागेल.

टिपलेल्या शब्दावर खटला उभा राहतो, याचे मराठीतील मोठे उदाहरण १९१६ चे आहे. लोकमान्य टिळकांनी त्या वर्षी १ मे रोजी बेळगावला आणि ३१ मे व १ जून रोजी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) होमरूलवर मराठीत भाषणे केली. सरकारच्या गुप्तवार्ता विभागाच्या लघुलेखकांनी ती टिपली, टिपणांवरून मराठी मजकूर झाला, त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि ते न्यायालयासमोर आले. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने टिळकांना वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन देण्याचा हुकूम केला. टिळकांचे वकील होते बॅरिस्टर महंमद अली जिना. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण समग्र वाचावे, सुट्या वाक्यांवरून अर्थ काढू नये, हा त्या निकालाचा गाभा. येथे ध्यानात घ्यायचे ते असे की सभेत बोललेला शब्द आणि न्यायमूर्तींनी वाचलेला शब्द यांच्यामध्ये लघुलेखक, प्रत करणारा आणि भाषांतरकार असे टप्पे होते. पहिल्याच टप्प्यावर अंदाज घातला गेला असता तर पुढे तो कोणालाही दिसला नसता.

हैदराबादची परंपरा

लघुलेखन आणि शब्दांची शहानिशा या दोन्ही गोष्टींशी हैदराबादचे जुने नाते आहे. 'उमराव जान अदा' (१८९९) या कादंबरीचे लेखक मिर्झा हादी रुसवा यांना उर्दू लघुलेखनाच्या आरंभीच्या पद्धतीचे श्रेय दिले जाते. उत्तरायुष्यात ते हैदराबादला दारुत्तर्जुमा या भाषांतर संस्थेत काम करीत होते आणि १९३१ मध्ये याच शहरात वारले. दारुत्तर्जुमाची स्थापना १९१७ ची. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शास्त्रे शिकवायची तर पाठ्यपुस्तके आणि त्यांतले पारिभाषिक शब्द हवेत, यासाठी ती निघाली. तेथे शब्द ठरवण्याची रीत लक्षणीय होती. एका बाजूला विषयाचा जाणकार आणि दुसऱ्या बाजूला भाषेचा जाणकार बसत. दोघांच्या वादातून शब्द निघे. या वादांचे तत्त्व वहीदुद्दीन सलीम यांच्या 'वज़-ए-इस्तिलाहात' या १९२१ च्या ग्रंथात मांडलेले आहे. कोश स्वच्छ करण्याच्या कामाला हीच रीत लागू पडते, हे पुढे येईल.

पब्लिक गार्डनलगतच्या विधानसभेचाही उल्लेख करायला हवा. १९५२ ते १९५६ या काळात हैदराबाद राज्याची विधानसभा भरत होती. मराठवाडा त्या राज्यात होता. त्यामुळे सभागृहात उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशी भाषणे होत आणि छापील कामकाजात ती त्या त्या लिपीत येत. एका बैठकीसाठी इतक्या भाषांचे टिपणकार लागत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्याची विभागणी झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. नामपल्लीच्या न्यायालयांत अनेक भाषा कानावर पडतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

प्रत्यक्ष काम कसे करावे

प्रथम मूळ कोशाची प्रत करून ती तारीख घालून बाजूला ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. प्लोव्हरचा कोश ही साध्या मजकुराची फाईल असते. प्रत्येक ओळीत डावीकडे कळांचा समूह आणि उजवीकडे शब्द. ती तक्त्याच्या प्रणालीत दोन स्तंभांत आणता येते. मग उजव्या स्तंभाप्रमाणे लावणी करावी. मूळ कोशात खुणेवरून शब्दाकडे जायचे असते, या उलट्या लावणीत एकाच शब्दाच्या सर्व खुणा एकत्र येतात. ज्या शब्दापुढे सर्वांत जास्त खुणा, तेथून कामाला लागावे. बहुतेक घाण तेथेच साचलेली असते.

प्रत्येक खुणेबाबत पाहायचे ते असे. ती शब्दाच्या उच्चाराप्रमाणे किंवा स्पेलिंगप्रमाणे वाचता येते का? येत असेल तर ठेवावी. येत नसेल तर ती मान्य आखूड खूण आहे का, म्हणजे पिटमनच्या ग्रामालॉगसारखी? 'द' या शब्दासाठी उजवीकडची एकटी टी, 'ऑफ'साठी एकटी एफ, या उच्चारात बसत नाहीत, पण चुकीच्याही नाहीत. तसेही नसेल, तर योग्य खुणेशी ती ताडून पाहावी. फरक फक्त शेजारच्या किंवा खालच्या-वरच्या एका कळेचा असेल, किंवा एक ठोका दोन ठोक्यांत फुटलेला दिसत असेल, तर ती घसरलेल्या बोटाची नोंद मानायला हरकत नाही.

हे काम प्रोग्राम लिहून एका रात्रीत उरकण्याचा मोह संगणक विभागाच्या सहकाऱ्यांना होईल. प्रोग्रामने संशयित नोंदींची यादी काढून द्यावी, ते उपकारकच आहे. निर्णय मात्र त्याच्यावर सोपवू नये. उच्चारात न बसणारे सर्व काढा असा हुकूम दिला तर आखूड खुणा सगळ्या जातील. मधली तारांकित कळ तर हमखास फसवते. ती काही ठिकाणी चुकून लागलेली असते आणि काही ठिकाणी सारख्या उच्चाराचे दोन शब्द वेगळे करण्यासाठी मुद्दाम योजलेली असते. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून येथे दारुत्तर्जुमाची रीत वापरावी. एक जण यंत्र जाणणारा, दुसरा इंग्रजीचा अध्यापक. दोघांचे एकमत झाले तरच नोंद हलवावी.

'काढून टाकावी' असे न म्हणता 'हलवावी' असे म्हटले आहे. प्लोव्हरमध्ये एकापेक्षा अधिक कोश एकाच वेळी ठेवता येतात, त्यांचा अग्रक्रम ठरवता येतो आणि हवा तो बंद ठेवता येतो. काढलेल्या नोंदी एका वेगळ्या फाईलमध्ये जमा कराव्यात. विद्यार्थ्याच्या संगणकावर ती फाईल बंद राहील. एखादा जुना, कामावर असलेला लघुलेखक ज्याचा हात त्या सवयींवर बसला आहे, तो ती उघडी ठेवील. दोन ठोक्यांत फुटलेल्या नोंदी मात्र त्यालाही देऊ नयेत असे आमचे मत आहे, कारण त्या बिनचूक हातालाही दगा देतात.

ठोका बरोबर, शब्द परका

आणखी एक वर्ग असा आहे की ज्यात बोटाची चूक नाही आणि तरीही आपल्या कामासाठी नोंद चुकीची आहे. कोश अमेरिकेत घडला, त्यामुळे 'कलर', 'लेबर' यांसारख्या शब्दांची स्पेलिंग अमेरिकन पद्धतीची, यू गाळलेली येतात. भारतीय न्यायालयात आणि परीक्षेत ती चूक धरली जाईल. मोठ्या संख्येत स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात. आपल्याला लाख आणि कोटीप्रमाणे हवे असतात. 'पंचनामा', 'वकालतनामा' हे नामपल्लीच्या न्यायालयात रोज लागणारे शब्द विद्यार्थ्याने स्वतःच घालायचे आहेत, आणि घालताना आपल्या सोयीचा आडवातिडवा ठोका न घेता उच्चाराप्रमाणे खंड पाडून घालायचे आहेत. नाहीतर आज साफ केलेला कोश वर्षभरात पुन्हा तसाच होईल.

नावांच्या बाबतीत तर फार जपावे लागते. 'शेख' हे नाव महाराष्ट्रात इंग्रजीत बहुधा एस-एच-ए-आय-के-एच असे लिहितात; तेलंगणा आणि आंध्रात शेवटचा एच पुष्कळदा नसतो; इंग्रजी शब्दकोशातील रूप तिसरेच आहे, त्यात ए-आयच्या जागी ई-आय असते. 'मोहम्मद'ची रूपे याहून अधिक, आणि अनेकांच्या कागदपत्रांत तो नुसता एम-डी असा असतो. यांतले कोणतेही रूप स्वतःहून चूक नाही. चूक होते ती कोशाने एकच रूप प्रत्येक शेखवर लादल्यामुळे. जबाबात एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरे आणि जामीनपत्रावर तिसरे झाले की त्या माणसाला प्रतिज्ञापत्र करीत हेलपाटे घालावे लागतात. हे आपल्या वाचकांपैकी अनेकांनी घरी पाहिले असेल. उपाय असा की अशा नावांसाठी कायम नोंद ठेवूच नये. त्या दिवशीच्या प्रकरणातील नावांचा छोटा वेगळा कोश कागदपत्रे पाहून सकाळी तयार करावा, त्याला सर्वांत वरचा अग्रक्रम द्यावा आणि प्रकरण संपले की तो बंद करावा.

पेन्सिलच्या वर्गातही

ज्या कॉलेजांत यंत्र नाही, तेथे हा विषय लागू नाही असे समजू नये. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत 'ड' श्रेणीच्या लघुलेखकाला मिनिटाला ८० शब्द आणि 'क' श्रेणीला १०० शब्द घ्यावे लागतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लघुटंकलेखकाला ८०, निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० आणि उच्चश्रेणी लघुलेखकाला १२० शब्दांची अट आहे. या वेगाच्या धास्तीने विद्यार्थी आखूड आऊटलाइनची यादी कोठूनही मिळवतात. आधीच्या तुकडीतील हुशार मुलामुलीच्या वहीची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असा तिचा प्रवास असतो. मूळ वहीत एखादी रेषा घाईत जाड ऐवजी बारीक पडलेली असते. पिटमनच्या पद्धतीत बारीक रेषा 'प' आणि जाड रेषा 'ब', बारीक 'ट' आणि जाड 'ड'. झेरॉक्समध्ये हा भेद आणखी पुसट होतो. पुढची तुकडी तीच रेषा नियम म्हणून गिरवते.

येथे उलट लावणी संगणकाशिवाय करता येते. वर्गातील सर्व वह्यांमधून नेहमीच्या शंभर शब्दांच्या आऊटलाइन एका मोठ्या तक्त्यावर शब्दवार उतरवून घ्याव्यात. एका शब्दापुढे तीन-चार वेगळ्या आकृत्या जमल्या की कोठे पाहायचे ते आपोआप कळते. मग मूळ पुस्तक उघडून प्रत्येक आकृतीचे कारण विद्यार्थ्यांनाच विचारावे. कारण सांगता आले तर ती राहील, नाहीतर ती तक्त्यावर खोडून ठेवावी, पुसू नये.

उत्तरपत्रिका तपासतानाही एक भेद करावा. एकाच विद्यार्थ्याची चूक प्रत्येक वेळी वेगळी असेल तर ती हाताची आहे, सरावाने जाईल. तीच चूक चार विद्यार्थ्यांत सारख्याच रूपात आढळली तर ती यादीतून आली आहे. तेथे सराव वाढवला तर चूक अधिक पक्की होईल, म्हणून आधी यादी मागवून पाहावी.

हलवलेल्या प्रत्येक नोंदीपुढे, मग ती संगणकात असो की तक्त्यावर, तारीख, कारण आणि निर्णय घेणाऱ्या दोघांची आद्याक्षरे लिहून ठेवावीत. पुढे एखादा जुना लघुलेखक येऊन सांगेल की अमुक खूण चुकीची नाही, आमच्या वेळच्या पुस्तकात ती आखूड खूण म्हणून दिली होती. त्याने पुस्तक दाखवले तर ती नोंद परत जागेवर न्यावी आणि त्याचे आद्याक्षरही तेथे घालावे.